बरगडी आणि गळाभेट

माझी पहिली बरगडी ईदच्या दिवशी मोडली. मोडणारा माणूस मला फार प्रिय होता, म्हणून मी गप्प बसलो. दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे बोंब ठोकली असती आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण शहाणपणाने वागायची संधी आली की ती वाया घालवायची, ही माझी जुनी खोड.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसत असे. दिवसभर जग माझ्याशी बोलायचं. 

"सायेब, अकोट किती वाजता?" 

"सव्वाअकरा." 

"आता किती झाले?" 

"साडेअकरा." 

"मंग गेली का?" 

"नाही, यायची आहे." 

असा संवाद दिवसातून कितीदा तरी. शेकडो माणसं तोंडाशी तोंड आणून विचारत, उत्तर घेऊन पाठ फिरवत. मी कुठे चाललोय हे मात्र आयुष्यात एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार? खिडकीतून खोलीवर, खोलीतून खिडकीत.

त्या जाळीच्या खिडकीतून माझं फक्त तोंड दिसे, आणि ते तोंड म्हणजे फसवणूक होती. गोल, गुबगुबीत, तुकतुकीत. येणारेजाणारे कंडक्टर म्हणायचे, "बाबू, सरकारी पगार मानवला तुमाले." खिडकीखाली काड्यांसारखे हातपाय होते, ते कुणाला दिसत नसत. एखाद्या कणगीला चार बोरूच्या काड्या टोचाव्या, तसा माझा थाट.

त्याचं कारण असं. दोनेक वर्षांपूर्वी मला सूज यायला लागली. सकाळी पापण्या उघडेनात, संध्याकाळी पाय चपलेत शिरेना. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंड बिघडलंय, अंगातलं सत्त्व लघवीवाटे चाललंय. त्यांनी तेव्हा नव्याच निघालेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं. गोळ्यांनी सूज उतरली, मूत्रपिंड सावरलं, पण तोंड फुगलं ते फुगलंच. मीठ बंद म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. ठेचा गेला, लोणचं गेलं. अळणी वरण आणि अळणी भाकर घेऊन मी भिंतीकडे तोंड करून जेवायचो. कुणी बोलावलं तरी पंगतीला जायचो नाही. स्वतःचं वेगळं अळणी ताट मांडून बसलेला माणूस पंगतीत सुतकी दिसतो.

खोली मिळाली होती ती पिंजाऱ्याच्या मोहल्ल्यात. अकोल्यात आलो तेव्हा खोल्या पुष्कळ रिकाम्या होत्या, पण आडनाव सांगितलं की भरायच्या. छप्पन साली आम्ही सगळे नागपूरला जाऊन बुद्धाचे झालो होतो. आम्ही बदललो, घरमालक तेच राहिले. शेवटी एका दुकानासमोर घाम पुसत उभा होतो, तर आतून कापसाच्या धुक्यातून आवाज आला, "काहून बे, खोली पायजे का? हे बाजूची घे. भिंतीतून आवाज येईन पिंजणीचा, झोप लागन तर घे."

असा मला मियाँ भेटला. मी त्याला मियाँ म्हणायचो, तो मला बाबू. माणूस चाळिशीचा, रुंद, मिशांवर, भुवयांवर, पापण्यांवर सदा कापूस. गाद्या-रजया भरण्याचा धंदा. दिवसभर पिंजणीच्या तारेवर लाकडी ठोकणी हाणून हाणून त्याचे हात एवढे झाले होते की गंमतीत पाठीवर थाप मारली तरी माणूस दोन पावलं पुढे जाई. ती थाप रोज संध्याकाळी मला मिळे. मी परत आलो की टंऽग टंऽग थांबे, तो ओट्यावर येई, थाप मारी आणि विचारी, "आज किती जनाची गाडी चुकवली बे?"

हसू नका, पण दिवसभरात मला माणसाचा हात लागायचा तो तेवढाच. खिडकीत तर जाळीच होती. लहानपणी आमच्या गावात आम्हाला कुणी हात लावत नसे, तो अनुभव वेगळा. आता मनाई नव्हती, फक्त कुणाला गरज नव्हती. एकट्या माणसाला कोण हात लावतो? न्हावी.

आणि वर्षातून दोनदा ईद. त्या वर्षी रमजान ईद थंडी सरता सरता आली. मी धुतलेला सदरा घातला, खिशाला पेन लावला आणि ओट्यावर जाऊन उभा राहिलो. ईदची मला दोन कारणांनी ओढ असे. एक म्हणजे शीरखुर्मा. गोडात मीठ लागत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या पंगतीत सगळ्यांच्या चवीचं खायला मिळणारं वर्षातलं ते एकच जेवण. दुसरं कारण गळाभेट. नमाजहून आला की मियाँ अत्तराचा घमघमाट घेऊन मिठी मारायचा, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

पहिली मिठी झाली. दुसरी झाली. तिसरीला माझ्या छातीत 'कट्ट' असा आवाज आला. दोघांनीही ऐकला.

मियाँ मागे सरला. "तुह्या खिशातला पेन तुटला वाटते बे!"

मला श्वास घेता येईना. घेतला तर सुरी फिरे, सोडला तर दोन फिरत. तरी मी पेन काढून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "जाऊ दे. जुना होता." नंतर दोन वाट्या शीरखुर्मा खाल्ला. खाताना डोळ्यातून घळाघळा पाणी येत होतं. पडद्याआडून त्याची बायको, आमची भाभी, म्हणाली, "बाबूले कसं भरून आलं पाहा! घरची याद आली असन." मियाँचेही डोळे ओले झाले. आता सांगा, एवढं झाल्यावर कोणत्या तोंडाने म्हणू की भाभी, भरून आलं नाही, मोडून आलं?

दुसऱ्या दिवशी एक्सरे निघाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "बरगडी मोडली आहे. पण मला तिची काळजी नाही, बाकीच्यांची आहे. ह्या गोळ्या मूत्रपिंड वाचवतात आणि हाडं खातात. बाहेरून चौकट उभी दिसते, आतून वाळवी." पाठीचे दोन मणकेही दबले होते. मी गेले कित्येक महिने धोब्याशी भांडत होतो, की सदरा ओढून ओढून लांब केलास. खिडकीतल्या खुर्चीवर जुन्या वेळापत्रकांचा गठ्ठा ठेवून बसायला लागलो होतो, की खुर्ची खचली. खचलो होतो मी. त्या बिचाऱ्या धोब्याने माझ्या भीतीने कडक इस्त्री करणं सोडून दिलं होतं.

"गोळ्या बंद करता येतात का?"

"मूत्रपिंड नको असेल तर येतात," डॉक्टर म्हणाले. "हळूहळू कमी करू. तोवर वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तरी धरून. आणि कुणाला मिठ्या मारू देऊ नका."

हाडांतला चुना कमी झालाय, असंही ते बोलता बोलता म्हणाले. ते मी तेवढंच पकडलं. पानवाल्याकडून चुन्याची डबी आणली आणि बोटाने चाटायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी जीभ अशी भाजली की खिडकीतून 'अकोट'ऐवजी नुसती हवा बाहेर पडे. त्या दिवशी अनेकांच्या गाड्या खरोखर चुकल्या.

पण हा गाढवपणा धाकटा. थोरला पुढे आहे. मी ठरवलं, मियाँला सांगायचं नाही. त्याला कळलं असतं की आपल्या ईदच्या मिठीने दोस्ताची बरगडी मोडली, तर तो माणूस रडला असता, आणि मोहल्ल्याने त्याला हाडमोड्या असं नाव ठेवलं असतं. शिवाय माझीही शेखी होतीच. तिशीतला गडी, आणि मिठीत मोडतो! तेव्हा मी गप्प राहिलो आणि फक्त अंतर ठेवू लागलो. संध्याकाळी तो ओट्यावर आला की मी चार हात लांबूनच दोन्ही हात जोडायचो. थापेसाठी हात उचलला की भिंतीला पाठ लावायचो. पहिल्यांदा तो हसला. नंतर त्याचा उचललेला हात हवेतच थांबायचा आणि तो त्याच हाताने मिशीवरचा कापूस झटकायचा.

बकरीद आली ती ऐन मे महिन्यात. पुन्हा तीन मिठ्या. मी त्याला सांगितलं, "ईदच्या दिवशी मले ड्यूटी हाये गड्या," आणि सुट्टी टाकून अमरावतीला थोरल्या भावाकडे पळालो. एस.टी.चा माणूस, फुकटचा पास खिशात, पण धक्के नकोत म्हणून पैसे मोजून रेल्वेने गेलो. डब्यात एस.टी.चा एक कंडक्टर दिसला, त्याला मी तोंड दाखवलं नाही.

अमरावतीत आई दारातच माझे गाल कुरवाळत म्हणाली, "कसा भरला माह्या लेक!" भावाची पोरं अंगावर झेप घ्यायला धावली, मी ओरडून त्यांना अडवलं. पोरं हिरमुसली आणि दोन दिवस माझ्या वाऱ्याला उभी राहिली नाहीत. ईदच्या दिवशी दुपारी अंगणात कडुलिंबाखाली बाज टाकून पडलो होतो. घर माणसांनी भरलेलं होतं. मला आठवतं ते एवढंच, की मी त्या वेळी मनात म्हणत होतो, आता नमाज सुटला असेल. आता तो ओट्यावर आला असेल.

तो ओट्यावर आला नव्हताच. नवे कपडे घालून, बाबूसाठी मुद्दाम केलेल्या शीरखुर्म्याचा डबा घेऊन तो भर उन्हात स्टँडवर गेला होता. बाबूला ड्यूटी आहे, तर आपण खिडकीशी जाऊ. खिडकीत दुसरा बसलेला. त्याने सांगितलं, "बाबू? तो तं सुट्टी टाकून अमरावतीले गेला."

परत आल्या दिवशी मी मोहल्ल्यात शिरलो. टंऽग टंऽग चालू होतं. मी ओट्यापाशी थांबलो. ते थांबलं नाही. बऱ्याच वेळाने मियाँने वर पाहिलं आणि म्हणाला, "या जी बाबूजी. काही काम होतं का तुमचं?"

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला ह्यात काय दुखलं ते कळायचं नाही. आमच्याकडे 'बे' म्हणजे दोस्ती. 'तुमी' आणि 'जी' आलं की समजावं, दार लागलं.

"मियाँ, असा काहून बोलतं गड्या?"

"तुमच्यासोबत कसं बोलाव ते आमाले का समजते?" तो ठोकणी खाली ठेवत म्हणाला. आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "तुमच्या लोकाईले सारं गाव शिवत नव्हतं. म्हून मी म्हटलं, हा आपला हाये, ह्याले खोली देऊ. आता तुमाले माहा हात नाई चालत. बकऱ्याचा वास येते का हाताले?"

मी उभा होतो. माझ्या बाबतीत कुणीही काहीही म्हणू शकलं असतं, पण हे? शिवू नका म्हणणारे लोक मी लहानपणी एवढे पाहिले होते की त्यांच्या रांगेत आपण कधी उभे राहू असं स्वप्नातही आलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हणालो, "तसं नाई." आणि खोलीत गेलो.

तो पावसाळा मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. काही घडलंच नाही. संध्याकाळी मी यायचो, पिंजण चालूच राहायची. भिंतीपलीकडे भाभी बोलायची, भांडी वाजायची, फोडणीचा वास यायचा. मी अळणी भाकर भिंतीकडे तोंड करून खायचो आणि वाटायचं, आपण जेवतोय ते त्यांना ऐकू जात असेल का? कधी कधी मुद्दाम ताट आपटायचो.

पाऊस सरल्यावर एका सुट्टीच्या सकाळी पाण्याची बादली उचलली. अर्धीच होती. पाठीत काहीतरी बसलं, पत्त्याचं घर बसावं तसं, आवाज न करता. मी पाण्यासकट जमिनीवर. हलता येईना. हाक मारावी तर श्वास पुरेना, आणि भिंतीपलीकडे टंऽग टंऽग जोरात. मी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत 'मि' म्हणायचो आणि पुढच्या फटीत 'याँ'. अशी हाक कुणाला ऐकू जाणार? शेवटी हाताशी लोटा आला, तो भिंतीवर आपटायला लागलो.

पिंजण थांबली. भिंतीतून आवाज आला, अतिशय अदबीने, "माफ करा बाबूजी. आवाजाची तकलीफ झाली असन. बंद करतो."

आणि खरंच बंद केलं. असा सभ्यपणा जगात कुणाच्या वाट्याला न येवो. पण त्या शांततेत मला एक श्वास मिळाला. तो सगळा खर्चून मी म्हणालो, "मियाँ... ये बे!"

दार लोटून तो आला. माझा अवतार पाहून जो झेपावला, मला उचलायला दोन्ही हात खाली घातले. दारात मोहल्ला जमा झालेला. आणि मी, होतं नव्हतं ते बळ एकवटून ओरडलो, "शिवू नको! शिवू नको मले!"

तो थिजला. त्याचा चेहरा मी खालून पाहत होतो. भुवयांवर कापूस, आणि पसरलेले दोन्ही हात तसेच हवेत.

"हाडं मोडते बे माहे," मी म्हणालो. "गोळ्याईनं पोकळ झाले. हात लावला का मोडते. ईदले मोडलं तवापासून भेव वाटते."

"कोनत्या ईदले?"

"रमजान ईदले. तिसऱ्या मिठीत."

तो खाली बसला. कपाळाला आठ्या घालून, एखादं कठीण गणित सोडवावं तसा विचार करत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे... तो पेन नव्हता?"

"नाई बे."

"मंग रडला काहून? शीरखुर्मा खाताना?"

"दुखत होतं, साल्या!"

यावर भाभी दारात रडायला लागली आणि मियाँ हसायला लागला. हसता हसता त्याने स्वतःच्या तोंडात दोन मारून घेतल्या. मग तो एकदम उठला, दुकानातून नवी भरलेली गादी आणली, भाकर तव्यावर सरकवावी तशी माझ्याखाली कडेकडेने सरकवली, आणि चौघांनी चार कोपरे धरून मला उचललं. दवाखान्यापर्यंत पायीच. टांग्याचे धक्के नकोत म्हणून. वाटेत लोक थांबून हात जोडत होते. स्टँडजवळ कुणीतरी विचारलं, "कोन गेलं हो?" मी गादीतून म्हणालो, "अकोट गेली. पुढची सव्वाअकरा." विचारणारा पळाला.

तीन मणके बसले होते. पाठीला पट्टा आला, गोळ्या कमी कमी होत गेल्या, मूत्रपिंडाने कशीबशी साथ दिली. हल्ली लोक दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवून घेतात. त्यांनाही याच जातीच्या गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्यांची हाडं म्हणे वेळोवेळी मशीनवर तपासतात. आमच्या वेळी ती शेजाऱ्याच्या मिठीत तपासली जायची. निदान लवकर व्हायचं.

दोस्ती परत आली, 'बे' परत आला. पण एक गोष्ट परत आली नाही. खरं सांगितल्यापासून सगळा मोहल्ला माझ्याभोवतीने असा चाले, जसं ताज्या रंगवलेल्या भिंतीपासून लोक अंग चोरून चालतात. बाया पोरांना ओढून घेत, "बाबूले लागन!" मियाँ संध्याकाळी ओट्यावर येई, आणि त्याचा थाप मारणारा हात तो दुसऱ्या हाताने धरून बसे. खोटं बोलत होतो तेव्हा मी त्यांच्यापासून लांब होतो, आता ते माझ्यापासून. दोघांतलं कोणतं बरं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

मग पुन्हा रमजान ईद आली. मी पट्ट्यावर धुतलेला सदरा घातला, तो आता गुडघ्याला टेकत होता. ओट्याशी उभा राहिलो. नमाज सुटला, माणसं आली. माझ्या उजवीकडे मिठ्या, डावीकडे मिठ्या. माझ्यासमोर येऊन प्रत्येकजण हात छातीवर ठेवून मान लववी आणि पुढे जाई, माझ्या खिडकीसमोरून जात असल्यासारखा. मी प्रत्येकाला ईद मुबारक म्हणत होतो.

शेवटी मियाँ आला. तेच अत्तर. समोर उभा राहिला, हात कुठे ठेवावे कळेना. मग त्याने दोन्ही हात पसरले, माझ्याभोवती आणले, आणि वीतभर अंतरावर थांबवले. त्या वीतभर हवेला धरून तो उजवीकडे झुकला. मग डावीकडे. कुठेही स्पर्श नाही. त्याच्या अंगाची ऊब तेवढी येत होती. सगळा मोहल्ला श्वास रोखून पाहत होता. आणि अशा वेळी मला वात्रटपणाच सुचतो, त्याला इलाज नाही.

तो तिसऱ्यांदा उजवीकडे झुकला, आणि मी जिभेने टाळूवर मोठ्ठा आवाज काढला, "कट्ट!"

मियाँ हातभर उडाला. पांढराफटक पडला. भाभीने पडद्याआड किंकाळी फोडली. मग त्याला कळलं.

"हरामखोर!" तो गरजला. "जीव घेतं का बे माहा!" आणि त्याचा हात उठला, तो जुना, पाठीवर थाप मारणारा. मी डोळे मिटून, पाठ ताठ करून वाट पाहिली.

थाप आली नाही. मी डोळे उघडले तेव्हा तो माझ्या खांद्यावर चिकटलेलं कापसाचं तूस दोन बोटांनी, सदऱ्यालाही धक्का न लावता, उचलत होता.